विशेष शिक्षक घडतो कसा, आणि त्यात विद्यापीठाचं काय काम?

मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना बजावलं: शाळांमध्ये विशेष शिक्षकांची किती पदं लागतात ते ठरवा, जाहीर करा आणि भरा. हे अचानक आलेलं नाही. रजनीश कुमार पांडे यांच्या याचिकेवर न्यायालयाने २०२१ मध्येच निकष ठरवायला सांगितले होते, आणि २०२२ मध्ये केंद्राने ते ठरवलेही. पहिली ते पाचवीत दर १० दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, सहावी ते आठवीत दर १५ मुलांमागे एक. कागद तयार झाला, माणसं मात्र आली नाहीत, म्हणून न्यायालयाला पुन्हा बोलावं लागलं.

तेव्हापासून ‘स्पेशल एज्युकेटर’ हा शब्द बडोद्यातल्या मराठी घरांतही ऐकू येतो. दांडिया बाजारातली आजी विचारते, “म्हणजे मुक्याबहिऱ्यांच्या शाळेतल्या बाई ना?” कारेलीबागेतली तरुण आई विचारते, “म्हणजे थेरपिस्ट का?” दोघींचंही थोडं बरोबर, थोडं चूक. आणि बी.एड. झालेला भाचा असेल तर तो हमखास म्हणतो, “आम्हालाही ते शिकवलंय.” त्याचं किती खरं, तेही पाहू.

ही माणसं कोण?

विशेष शिक्षक म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्याचं वेगळं शिक्षण घेतलेला आणि भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव असलेला शिक्षक. ही परिषद १९९२ च्या कायद्याने आली. डॉक्टरांसाठी जशी वैद्यकीय नोंदणी, तशी या क्षेत्रासाठी ही. नोंदणी नसताना असं काम करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे, ही गोष्ट पालकांना तर सोडाच, कित्येक मुख्याध्यापकांनाही ठाऊक नसते.

गोंधळाचं मूळ दिल्लीत आहे. साधा बी.एड. अभ्यासक्रम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या हातात, आणि ती शिक्षण मंत्रालयाखाली. विशेष बी.एड. पुनर्वास परिषदेच्या हातात, आणि ती सामाजिक न्याय मंत्रालयाखाली. मूल एक, वर्ग एक, शाळा एक. त्याच्या दोन शिक्षकांची वंशावळ मात्र दोन वेगळ्या मंत्रालयांतून येते. त्यामुळे दोघे स्टाफरूममध्ये शेजारी बसले तरी एकमेकांचं काम ओळखत नाहीत.

भाच्याचं म्हणणं असं: २०१४ नंतरच्या दोन वर्षांच्या साध्या बी.एड.मध्ये समावेशक शाळेवर एक विषय आहे. आहे, पण अर्ध्या पेपरचा. समावेशक म्हणजे दिव्यांग मूल शेजारच्या नेहमीच्या शाळेत, नेहमीच्याच वर्गात शिकेल अशी व्यवस्था. उलट विशेष बी.एड. करणारा विद्यार्थी एक क्षेत्र निवडतो: श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम) किंवा बहुविकलांगता. त्याला त्या क्षेत्राच्या शाळेत सराव करावा लागतो, दुसऱ्या एखाद्या अक्षमतेच्या मुलांसोबतही, आणि नेहमीच्या शाळेतही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अक्षमता आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात त्या ७ होत्या. २१ प्रकारांत कुणी एक माणूस तरबेज होत नसतो, हे इथेच लक्षात ठेवलेलं बरं.

“माया असली की झालं, त्याला डिग्री कशाला?”

हा आक्षेप मी सर्वांत जास्त ऐकलाय, आणि तो बहुतेक वेळा चांगल्या माणसांकडूनच येतो. विशेष शिक्षकाची ओळख करून देताना आपण ‘केवढा संयम!’ म्हणतो. संयम लागतोच. पण संयमी माणूस वर्षभर तीच चूक अतिशय प्रेमाने करत राहू शकतो.

शर्ट घालणं घ्या. बौद्धिक अक्षमता असलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला शर्ट घालायला शिकवायचाय. घरी काय होतं? आई शर्ट हातात देते, “घाल बघू” म्हणते, मुलगा बाहीत डोकं घालतो, रिक्षा खाली थांबलेली असते, आई शर्ट घालून देते. रोज. मुलगा यातून एवढंच शिकतो की आपल्याला जमत नाही आणि शेवटी आई घालून देते.

प्रशिक्षित शिक्षक आधी शर्ट घालण्याचे तुकडे पाडतो. शर्टाची पुढची बाजू ओळखणं, एक बाही, दुसरी बाही, दोन्ही कडा जुळवणं, पहिलं बटण, दुसरं, असे दहा-बारा. मग बघतो की यातलं मुलाला काय येतं: एकट्याने, नुसतं सांगून, खूण करून, की हात धरून. या चार पातळ्या तो रोज लिहून ठेवतो. आणि पुढे तो जे करतो ते घरच्यांना उलटं वाटतं: शिकवायला सुरुवात शेवटच्या तुकड्यापासून. सगळा शर्ट आपण घालून द्यायचा, शेवटचं बटण तेवढं मुलाने लावायचं. लागलं की काम पूर्ण! शाबासकी कामाच्या शेवटी मिळते, अर्ध्यात नाही. ते जमलं की शेवटची दोन बटणं, मग तीन. मदतही हळूहळू काढून घ्यायची: हात धरणं सुटतं, खूण राहते, खूण सुटते, शब्द राहतो, मग शब्दही सुटतो.

यात मदत काढून घेणं सर्वांत अवघड. ज्याने ती कधी काढायची हे शिकलेलं नाही, तो मुलाला मदतीचीच सवय लावतो. मायेपोटीच लावतो.

रावपुऱ्यातल्या दुकानातून २० रुपयांचं दूध आणणं, फळ्यावरची ओळ वहीत उतरवणं, हातचा घेऊन बेरीज करणं, हे सगळं असंच तुकड्यांत पडतं. तुकडे पाडणं, मोजणं, लिहिणं, बदलणं हेच या शिक्षकाचं मुख्य कौशल्य. आणि इथेच विद्यापीठाचा संबंध येतो, कारण मोजायचं म्हटलं की प्रश्न येतो: कशाशी तुलना करून?

बडोद्याच्या बाळांनी दिलेली मोजपट्टी

दीड वर्षाचं मूल चालत नाही. काळजी करावी का? आजी म्हणते, “याचा बापही उशिराच चालला.” डॉक्टरला आजीच्या आठवणीवर चालता येत नाही, शंभर मुलांतली किती मुलं कितव्या महिन्यात चालतात हे त्याला हवं असतं. अशा आकड्यांना मानकं म्हणतात. एके काळी आपल्याकडे वापरायला होती ती अमेरिकेतली, नॅन्सी बेली यांच्या चाचणीची, अमेरिकन बाळांवरून ठरलेली.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या बालविकास विभागात प्रमिला फाटक यांनी हे काम हातात घेतलं. बेली यांच्या चाचणीवर त्यांनी बडोद्यातल्या बाळांचा ३० महिने वयापर्यंतचा शारीरिक हालचालींचा आणि बौद्धिक वाढीचा अभ्यास केला. १९७० मध्ये त्याचा अहवाल आला आणि ‘बडोदा मानकं’ हा शब्द रूढ झाला. त्यातून भारतीय अर्भकांसाठीची विकास-मापन श्रेणी तयार झाली. तिच्यात हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक विकासाच्या १६३ कृती आहेत. १९९७ मध्ये ती सुधारून पुन्हा आली.

पण २३० कृतींची तपासणी करायला शिकलेला तज्ज्ञ लागतो, वेळ लागतो. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ते कोण करणार? म्हणून १९९१ मध्ये त्यातल्या निवडक ५४ कृतींची बडोदा विकास चाळणी चाचणी प्रसिद्ध झाली. तिची युक्ती समजायला अगदी सोपी आहे. प्रत्येक कृतीसाठी दोन वयं दिलेली असतात: निम्म्या बाळांना ती ज्या वयात जमते ते एक, आणि शंभरातल्या ९७ बाळांना जमते ते दुसरं. बाळ या दोन वयांच्या मध्ये असेल तर थांबा, बघा. दुसरं वय उलटूनही जमत नसेल तर पुढे तपासायला पाठवा. त्रिवेंद्रममध्ये तयार झालेला आणखी लहान तक्ता, अवघ्या १७ कृतींचा, तोही या बडोदा मानकांवरूनच उचललेला.

देशभरातल्या बालरोग विभागांमध्ये आपल्या गावाचं नाव असं रोज घेतलं जातं. राजवाड्याची तिकिटं काढून पाहुण्यांना फिरवताना आपण हे सांगत नाही, हे मला जरा खटकतं.

भावी शिक्षकाने यातून काय घ्यायचं? चाळणी म्हणजे निदान नव्हे, हे पहिलं. चाळणीत अडकलेलं प्रत्येक मूल अक्षम नसतं. काहींना फक्त वेळ हवा असतो, काहींच्या कानात मळ असतो. दुसरं, कुठल्याही चाचणीचा आकडा समोर आला की विचारायचं: ही मानकं कुठल्या मुलांवरून, कुठल्या भाषेत, किती वर्षांपूर्वी ठरली? चांगला अभ्यासक्रम हा प्रश्न विचारायची सवय लावतो. वाईट अभ्यासक्रम चाचण्यांची नावं पाठ करून घेतो.

घरात मराठी, शाळेत गुजराती, परीक्षेत इंग्रजी

हा प्रश्न बडोद्यात तरी सैद्धांतिक नाही. घरात मराठी बोलणारं मूल गुजराती माध्यमात किंवा थेट इंग्रजी माध्यमात जातं. तिसरीत ते अडखळत वाचतं. शिक्षक म्हणतात, याला ‘एलडी’ असेल. एलडी म्हणजे अध्ययन अक्षमता: बुद्धी, नजर, कान ठीक असताना आणि शिकण्याची पुरेशी संधी मिळूनही वाचन, लेखन किंवा गणितात टिकून राहणारी अडचण.

पुरेशी संधी, हे दोन शब्द तिथे उगाच नाहीत. जी भाषा घरात कुणी बोलत नाही तिच्यात अडखळणं ही अक्षमता नसते. शिवाय आपल्या लिप्यांचा हिशेब वेगळा. इंग्रजीत २६ अक्षरं, पण त्यांचे उच्चार बेभरवशाचे. मराठी-गुजरातीत उच्चार भरवशाचे, पण बाराखड्या आणि जोडाक्षरं धरली तर चिन्हांची संख्या शेकड्यांत जाते. त्यामुळे आपल्या मुलाची सगळी अक्षरं पक्की व्हायला वर्षं लागतात, आणि इंग्रजीवरून ठरलेली ‘या वयात इतकं यायलाच हवं’ ही अपेक्षा जशीच्या तशी लावली की घोटाळा होतो.

मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचनातल्या अध्ययन अक्षमतेची, चाचणी तयार केली. सुरुवातीला ती चार भाषांत आली: हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी. गंमत पाहा: बडोद्यातल्या मराठी मुलासाठी आईच्या भाषेत साधन आलं, त्याच्या शेजारच्या गुजराती मुलासाठी त्या पहिल्या चारांत नव्हतं. पण मराठी साधनाचाही उपयोग तेव्हाच, जेव्हा मुलाला मराठी वाचायला कुणी शिकवलेलं असेल! नुसतं बोलता येणाऱ्याला मराठी वाचन-चाचणी देणंही तितकंच अन्यायाचं. म्हणून जाणता शिक्षक ज्या भाषेत मूल शिकलं त्या भाषेत वाचून घेतो, घरच्या भाषेत गोष्ट सांगायला लावतो, आणि दोन्ही एकत्र ठेवून बघतो. गोष्ट रंगवून सांगणारं आणि वाचताना ठेचकाळणारं मूल आणि दोन्हीकडे अडणारं मूल, ही दोन वेगळी मुलं आहेत.

एका मुलावरचं संशोधन? त्याला कोण विचारतो?

संशोधन म्हटलं की आपल्याला हजार माणसांचं सर्वेक्षण आठवतं. विशेष शिक्षणात ते बरेचदा चालत नाही. ऐकू न येणारी, शिवाय नजर अधू असलेली, नऊ वर्षांची हजार मुलं आणायची कुठून? म्हणून या क्षेत्राने एकाच मुलावर काटेकोर अभ्यास करायची पद्धत विकसित केली.

समजा तन्वी नावाची मुलगी तासाला वारंवार जागेवरून उठते. शिक्षिका पहिला आठवडा काहीच करत नाही, फक्त मोजते. ही आधारस्थिती. मग एक बदल करते: प्रत्येक दहा मिनिटांनी तन्वीला वह्या वाटण्यासारखं उठायचं काम देते. पुन्हा मोजते. उठणं कमी झालं. पण ते बदलामुळे झालं की पाहुणे आले म्हणून, की पाऊस थांबला म्हणून? ते कळायला ती बदल काही दिवस मागे घेते. उठणं पुन्हा वाढलं, आणि बदल परत आणल्यावर पुन्हा घटलं, तर कारण बऱ्यापैकी सापडलं. नुसत्या आलेखवहीवर हे होतं. अर्थात प्रत्येक ठिकाणी असं मागे घेता येत नाही. एकदा वाचायला शिकलेलं मूल न शिकलेलं होत नाही, आणि स्वतःला इजा करणाऱ्या मुलावरचा उपाय पुरावा हवा म्हणून कुणी थांबवू नये.

विद्यापीठांबद्दल माझी तक्रार इथे आहे. ‘समावेशक शिक्षणाकडे पाहण्याचा शिक्षकांचा दृष्टिकोन’ अशा मथळ्याचे प्रबंध आपल्याकडे उदंड. प्रश्नावली वाटायची, टक्केवारी काढायची, दृष्टिकोन ‘मध्यम स्वरूपाचा सकारात्मक’ निघतो, पदवी मिळते. वर्गात शिकवण्याची एखादी रीत खरंच चालते का, हे तपासणारं काम त्या मानाने थोडं, कारण त्याला महिनोन्‌महिने शाळेत बसावं लागतं. आणि जे होतं ते इंग्रजीत छापलं जातं, जे प्राथमिक शाळेतल्या बाईंपर्यंत पोचत नाही. बडोद्याने एके काळी याच्यावर उतारा शोधला होता: इथल्या शिक्षणशास्त्राच्या उच्च अभ्यास केंद्राने देशभरातल्या शैक्षणिक संशोधनाचा धांडोळा घेऊन १९७४ मध्ये तो एका जागी छापला. तसं काम शिक्षकाला कळेल अशा गुजरातीत, मराठीत, विशेष शिक्षणापुरतं तरी व्हायला हवं.

“मग बाकीच्या मुलांचं नुकसान नाही का?”

हा प्रश्न पालकसभेत हळू आवाजात विचारला जातो. मोठ्याने विचारला तरी हरकत नाही.

या गावात गाणं शिकलेल्यांना लगेच पटेल असं सांगतो. एकाच क्लासमध्ये एक मुलगी काळी पाचमध्ये गाते, मुलगा पांढरी दोनमध्ये. गुरुजी तंबोरा त्या त्या पट्टीत लावून देतात. राग तोच, बंदिश तीच, चूकही तितकीच मोठी मानली जाते. परीक्षेत लेखनिक मिळणं, तासाला किमान २० मिनिटांचा जादा वेळ मिळणं, ठळक अक्षरांतली प्रश्नपत्रिका मिळणं ही पट्टी बदलणं आहे. अभ्यास सोपा केलेला नसतो. काही मुलांसाठी मात्र बंदिशच दुसरी निवडावी लागते, म्हणजे अभ्यासक्रमच वेगळा करावा लागतो. कुणाला काय द्यायचं हे ठरवण्यातच विशेष शिक्षकाचा कस लागतो. पट्टी बदलून भागणाऱ्या मुलाला सोपी बंदिश देणं हा त्याच्यावर अन्याय, आणि तो दयेच्या नावाखाली सर्रास होतो.

वर्गाच्या वेळेचा मुद्दा खरा आहे. ४५ मुलांचा वर्ग, एकच शिक्षक आणि मदतीला कुणी नाही, अशा ठिकाणी दिव्यांग मूल नुसतं बसवलं तर त्याचंही नुकसान आणि इतरांचंही. पण हा मुद्दा विशेष शिक्षकाच्या बाजूनेच जातो, विरुद्ध नाही.

“एवढे शिक्षक आणायचे कुठून?”

याचं एक उत्तर बडोद्यात घडून गेलंय. १९८७ मध्ये एनसीईआरटीने युनिसेफच्या मदतीने दिव्यांग मुलांच्या एकात्म शिक्षणाचा, म्हणजे त्यांना नेहमीच्या शाळेत शिकवण्याचा, प्रकल्प सुरू केला. देशात दहाच ठिकाणी तो झाला, आणि त्यांतलं एक ठिकाण बडोदा महानगरपालिका होती. त्याची रचना तीन थरांची. प्रकल्पातल्या सगळ्या शिक्षकांना साधारण एक आठवडा प्रशिक्षण. त्यांतल्या दहा टक्क्यांना सहा आठवडे. आणि प्रत्येक ठिकाणच्या आठ-दहा जणांना पूर्ण एक वर्ष, एकापेक्षा जास्त अक्षमता हाताळता येतील असं.

या रचनेत शहाणपण आहे. प्रत्येकाला सगळं येण्याची गरज नाही. पहिल्या थराने ओळखायचं, दुसऱ्याने रोजचं निभवायचं, तिसऱ्याकडे अडलेलं न्यायचं. आज काय होतं? पहिला थर अर्ध्या पेपरवर, मधला थर जवळजवळ नाहीच, आणि वरचा थर म्हणजे अनेक शाळांमध्ये फिरणारा, बहुधा कंत्राटी शिक्षक, जो आठवड्यातून एखाद्या दिवशी उगवतो. पदं भरली तरी मधला थर उभा राहिला नाही तर हा फिरता शिक्षक नोंदी करायच्या ऐवजी हजेरीपत्रकच भरत बसेल.

विशेष शाळा बंद करायच्या का, हाही प्रश्न येतो. कायदा तसं म्हणत नाही. २०१६ च्या कायद्याने ठरावीक प्रमाणाच्या, म्हणजे किमान ४० टक्के अक्षमता असलेल्या, ६ ते १८ वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय. तीव्र अक्षमता असलेल्यांना घरी शिकण्याची सोयही शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आली. खाणाखुणांच्या भाषेत वाढणाऱ्या बहिऱ्या मुलाला त्याच भाषेतले सवंगडी हवेत, म्हणून काही पालक विशेष शाळाच निवडतात. त्यांच्या निर्णयाला मागास म्हणायची घाई करू नये.

शाळेत गेल्यावर काय विचारायचं?

“तुमच्याकडे स्पेशल एज्युकेटर आहे का?” एवढ्यावर थांबू नका. त्यांची पुनर्वास परिषदेची नोंदणी कुठल्या क्षेत्रातली आहे ते विचारा. दर पाच वर्षांनी ती नव्याने करावी लागते, तेव्हा चालू आहे ना, तेही बघा. श्रवणदोषात तयार झालेल्या शिक्षकाकडे स्वमग्न मूल सोपवलं असेल, तर मदत कुणाची घेता, हे विचारायला हरकत नाही.

मग मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा मागा. तो वाचताना एक गोष्ट बघा: उद्दिष्ट मोजता येईल असं लिहिलंय का. ‘वाचन सुधारणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘दिवाळीपर्यंत ओळखीच्या २० शब्दांपैकी १६ शब्द मदतीशिवाय वाचेल’ हे उद्दिष्ट. सोबत आज किती येतात हे लिहिलेलं हवं, नाहीतर दिवाळीत कशाशी ताडून बघणार?

आणि शाळा ‘आमच्याकडे सोय नाही, दुसरीकडे न्या’ म्हणाली तर ते लेखी द्यायला सांगा. बहुतेक वेळा तिथेच सूर बदलतो. नाही बदलला तर ते पत्र जोडून राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. चौकशीसाठी साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना २०१६ च्या कायद्यानेच दिलेले आहेत.